ट्रॅक्टर व जुन्या जीपच्या रेडिएटरचा पंखा : तपासणी, दुरुस्ती व बदल

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात यंत्रांना उसंत राहत नाही. सोयाबीनची मळणी चालू असते, रब्बी ज्वारीसाठी जमिनी तयार करावयाच्या असतात, आणि धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. टोळीबरोबर ट्रॅक्टर व त्यामागे दोन ट्रॉल्या हे आता नेहमीचे दृश्य आहे. हा ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेला असतो आणि टोळीची उचल मुकादमाने आधीच वाटलेली असते. अशा वेळी इंजिन तापून ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर त्याचा भार केवळ मालकावर पडत नाही. फडात ऊस तोडून बसलेल्या प्रत्येक कोयत्यावर पडतो.

इंजिन तापण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी पंख्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो फिरताना दिसतो. फिरतो आहे म्हणजे काम करतो आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो समज चुकीचा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. येथे मुख्यतः ट्रॅक्टरचा विचार केला असला तरी जुनी जीप, अँबॅसेडर यांसारख्या ज्या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर चालतो त्यांनाही हे सर्व लागू पडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून विकास गटाची जीप खेड्यापाड्यांतून फिरू लागली. पुढे अशा कित्येक जीपगाड्या लिलावात निघून शेतकऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या दारी आल्या. त्यांची निगा राखणारे मिस्त्री आजही खेडोपाडी आहेत, व हा लेख त्यांनाही उपयोगी पडावा.

पंख्याचे काम

डिझेलपासून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता प्रत्यक्ष कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली बव्हंशी थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी पंपाच्या साहाय्याने इंजिनातून रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवर पातळ पत्र्याची जाळी असते. त्या जाळीतून वारा गेला तरच पाणी निवते. हा वारा ओढून आणण्याचे काम पंख्याचे आहे. ट्रॅक्टरवर व जुन्या जीपवर पंखा साधारणपणे रेडिएटरच्या मागे, पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरील पुलीवर बोल्टांनी बसविलेला असतो, आणि इंजिनच्या पुलीवरून येणारा पट्टा त्या दोघांनाही फिरवितो. म्हणजे पट्टा सैल पडला की वाराही कमी होतो व पाण्याचे फिरणेही मंदावते. बहुतेक गाड्यांत डायनॅमो किंवा आल्टरनेटर त्याच पट्ट्यावर असतो, म्हणून इंजिन तापणे आणि बॅटरी उतरणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर प्रथम पट्टा पाहावा.

जीप रस्त्यावर ताशी ५०–६० किलोमीटर वेगाने धावत असताना समोरचा वारा आपोआप रेडिएटरमध्ये शिरतो, व त्या वेळी पंखा दुबळा असला तरी चालून जाते. ट्रॅक्टरला ही सवलत नाही. नांगरटीत त्याचा वेग माणसाच्या चालीएवढा, आणि धारूरच्या घाटात उसाच्या भरल्या ट्रॉल्या ओढताना त्याहून फारसा अधिक नाही. वारा पाठीमागून वाहत असेल तर तेवढाही लाभ होत नाही. नांगरटीत एका दिशेने जाताना तापमानाचा काटा वर चढतो व परत येताना खाली उतरतो असे दिसल्यास कारण बहुधा हेच असते. आणि पंखा वाऱ्याच्या अशा किरकोळ फरकाला पुरा पडत नाही, याची ती खूण आहे.

यावरून निदानाचा एक सोपा नियम निघतो. गाडी उभी असताना किंवा सावकाश ओढताना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा, म्हणजे पंखा, पट्टा किंवा जाळीवरील कचरा यांचा समजावा. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगाने जातानाच अधिक तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या आहेत काय, हे आधी पाहावे. आपल्याकडील विंधण विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते व त्याचे क्षार नळ्यांत बसतात. त्यासाठी कंपनीने सांगितलेले शीतक द्रव वापरणे हाच उपाय आहे. त्या विषयाचा विस्तार येथे करीत नाही.

पंख्यास हात लावण्यापूर्वी

इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि बॅटरीची अर्थची तार सोडावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडू नये. बीडसारख्या सुमारे ५०० मीटर उंचीच्या गावी उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. दाबाच्या टोपणाखाली ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण फिरविताच दाब नाहीसा होतो आणि पाण्याची एकदम वाफ होऊन ती तोंडावर येते. किमान अर्धा तास थांबावे, टोपणावर जाड गोणपाटाची घडी ठेवावी व टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून वाफ निघून जाऊ द्यावी. तसेच तापलेल्या, पाणी आटलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. बिडाच्या हेडला चीर जाते.

झीज कशी ओळखावी

प्रथम पात्याच्या टोकाला धरून पंखा पुढेमागे हलवून पाहावा. खटखट जाणवली तर पंख्याचे बोल्ट सैल आहेत किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे. बोल्ट तपासून आवळल्यावरही खेळ राहिला तर दोष बेअरिंगचा. पट्टा उतरवून पंखा हाताने सावकाश फिरवावा. खरखर लागली किंवा अडकल्यासारखे वाटले तर शंका राहत नाही. पंपाच्या खालच्या अंगास एक लहान छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत असेल तर आतील सील गेले असे समजावे. पुष्कळ मिस्त्री हे छिद्र साबण किंवा एम-सील लावून बुजवितात. असे केल्याने पाणी बेअरिंगात शिरते आणि जो पंप आणखी काही दिवस चालला असता तो आठवड्यात बसतो. बेअरिंग खराब असताना नवा पंखा बसविणे व्यर्थ आहे. डगमगणाऱ्या दांड्यावरचा पंखा एके दिवशी रेडिएटरला भिडतोच.

दुसरी तपासणी पाती एका पातळीत आहेत काय याची. एक जाड तार रेडिएटरच्या चौकटीला अशी बांधावी की तिचे टोक एका पात्याच्या टोकापाशी, केसभर अंतरावर येईल. मग पंखा हाताने फिरवून प्रत्येक पाते त्या तारेपासून किती दूर जाते ते पाहावे. दोन-तीन मिलीमीटरहून अधिक फरक दिसला तर एखादे पाते वाकलेले आहे.

तिसरी तपासणी भेगांची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पोलादी पाते मधल्या ताऱ्याला जेथे रिव्हेटने जोडलेले असते तेथे भेग सुरू होते, आणि धूळ व तेलाच्या थराखाली ती दिसत नाही. पंखा काढून रॉकेल किंवा डिझेलने स्वच्छ धुवावा, कोरड्या फडक्याने नीट पुसावा व पात्याच्या मुळाशी खडूची भुकटी चोळावी. भेग असेल तर आत शिरलेले तेल थोड्या वेळात बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. या तपासणीला खर्च काहीच नाही. रिव्हेटवर लहान हातोडीने हलकेच मारून पाहावे. घट्ट रिव्हेटचा आवाज खणखणीत येतो, सैल रिव्हेटचा बद्द. रिव्हेटभोवती तांबूस भुकटीचे वलय दिसले तर जोड आतल्या आत घासत आहे. प्लास्टिकच्या पंख्यात भेगा पात्यांच्या मुळाशी व मधल्या धातूच्या कड्याभोवती येतात. प्लास्टिक पांढुरके पडून ठिसूळ झाले असल्यास भेगेची वाट पाहू नये.

काय दुरुस्त होते व काय होत नाही

येथे प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. सैल बोल्ट आवळता येतात, झिजलेला पट्टा बदलता येतो, बेअरिंग किंवा संपूर्ण पंप नवा टाकता येतो. पण भेग गेलेले, तुटलेले किंवा मुळाशी वाकलेले पाते दुरुस्त करता येत नाही. तेथे पंखाच बदलावा.

वेल्डिंग करून पाते जोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यातील धोका आकड्यांनी समजून घेणे बरे. समजा पंख्याचा व्यास ४० सेंटिमीटर आहे व तो मिनिटाला २,४०० फेरे घेतो. पात्याचे टोक त्या वेळी सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाने जात असते. टोकाशी केवळ १० ग्रॅम वजन जादा झाले तरी त्या वेगात त्याची ओढ सुमारे १३ किलो वजनाएवढी होते, आणि ही ओढ सेकंदाला ४० वेळा दिशा बदलून पंपाच्या दांड्याला हिसके देते. वेल्डिंगने वजन तर वाढतेच, शिवाय टाक्याशेजारचा पत्रा तापून त्याची मूळची ताकद जाते. पाते पुन्हा तुटते ते टाक्यावर नव्हे, टाक्याच्या कडेला. सुटलेले पाते रेडिएटर फाडते, बॉनेटचा पत्रा भेदते आणि जवळ माणूस असेल तर त्याला जायबंदी करते. एक पाते तुटल्यावर तोल साधण्यासाठी समोरचे पाते कापून काढणारेही आढळतात. त्याने तोल काहीसा साधतो हे खरे, पण जी झीज एका पात्यास लागली ती उरलेल्यांस लागली नसेल याची हमी कोण देणार? अशी गाडी ओढून न्यावी.

वाकलेले पाते पक्कडीने सरळ करण्याबद्दलही हेच म्हणता येईल. सरळ केलेले पाते डोळ्यांना सरळ दिसते, पण वाकलेल्या जागी धातू थकलेला असतो.

नवा पंखा निवडताना जुना पंखा दुकानात बरोबर न्यावा. एकूण व्यास, पात्यांची संख्या, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टांच्या भोकांमधील अंतर, पात्यांचा पीळ कोणत्या दिशेचा आहे, आणि पंखा सपाट ठेवल्यावर त्याची उंची किती येते, एवढ्या गोष्टी जुळल्या पाहिजेत. चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचा मोठा पंखा लावला की गाडी थंड राहील, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. जादा वारा फुकट मिळत नाही. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक दशांशाने वाढविला तर शक्ती सुमारे एक तृतीयांशाने अधिक लागते. ती इंजिनातून जाते, आणि तिचा ताण पट्ट्यावर व बेअरिंगवर पडतो. लहान पुली घालून पंखा जोरात पळविणाऱ्यांनीही हा हिशेब ध्यानात घ्यावा.

पंखा काढणे व बसविणे

पुढील जाळी व बॉनेट सोडल्यावर पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये जाड पुठ्ठा किंवा प्लायवूडचा तुकडा उभा घालावा. पाना निसटला तर रेडिएटरच्या नळीला भोक पडते, व पंख्याच्या दुरुस्तीसाठी निघालेला शेतकरी रेडिएटरची दुरुस्ती करून परततो. डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो इंजिनकडे ढकलावा व पट्टा उतरवावा; पट्टा पेचकसाने पुलीवरून ओढून काढू नये. पंखा कोणत्या बाजूने बसविला होता त्याची खूण खडूने करावी. मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने सैल करून काढावेत. जागा अपुरी असेल तर पंखा तिरका करून ओढण्याच्या भरीस न पडता, शीतक द्रव स्वच्छ भांड्यात काढून रेडिएटरच बाजूला घ्यावा. शीतक द्रव विषारी असून चवीला गोड असतो. तो उघड्यावर ठेवू नये. कुत्री, वासरे तो पितात.

पुलीचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा. तेथे खडाभर गंज राहिला तरी पंखा तिरका बसतो. स्प्रिंग वॉशर नवे घालावेत. बोल्ट जुन्याच लांबीचे असावेत. लांब बोल्ट मागे पंपाच्या अंगाला घासतो. सर्व बोल्ट आधी हाताने लावून नंतर समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. ८ मिलीमीटरच्या बोल्टास सर्वसाधारणपणे २० ते २५ न्यूटन-मीटर एवढी पकड पुरते, म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाशी दहा-अकरा किलोंचा जोर. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. पान्यात नळी घालून जोर करणाऱ्यांचे बोल्ट पुढे घाटात तुटतात.

पंखा उलटा बसविला जाण्याची चूक वारंवार होते. उलटा लावलेला पंखा वारा उलट दिशेने फेकतो असे अनेकांना वाटते व म्हणून, वारा इंजिनकडे येतो आहे हे पाहून ते निर्धास्त होतात. प्रत्यक्षात पंखा उलटा केला तरी वाऱ्याची दिशा तीच राहते, कारण पात्यांचा पीळ उलटत नाही. मात्र पात्याची पोकळ बाजू चुकीच्या अंगास आल्यामुळे वारा बराच कमी पडतो. रेडिएटरमागे बसून वारा ओढणाऱ्या पंख्याची पोकळ बाजू इंजिनकडे असावी.

पंखा व रेडिएटर यांमध्ये किमान २० मिलीमीटर अंतर राहिले पाहिजे. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे, ज्याला गॅरेजमध्ये श्राउड म्हणतात, ते अडगळ समजून फेकून दिलेले अनेक ट्रॅक्टर दिसतात. हे कडे नसेल तर पंखा इंजिनजवळचाच तापलेला वारा पुन्हा पुन्हा घोळवीत बसतो आणि जाळीच्या कोपऱ्यांतून वारा येतच नाही. फेकलेले कडे शोधून पुन्हा लावणे हा कित्येकदा नव्या पंख्याहून अधिक गुणकारी उपाय ठरतो.

पट्टा चढविल्यावर दोन पुलींमधील सर्वांत लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहावे. साधारण अर्धा ते पाऊण इंच दबला तर ताण योग्य. अधिक सैल पट्टा घसरतो व किंचाळतो, अधिक ताठ पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंवर बसला पाहिजे. तो तळाला टेकत असेल व खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तर पट्टा झिजला आहे, कितीही ताणला तरी घसरणारच. नवा पट्टा पहिल्या दिवसात थोडा लांबतो, म्हणून आठ-दहा तासांच्या कामानंतर ताण पुन्हा पाहावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कोठे घासत नाही याची खात्री करावी. सुरू करताना पंख्याच्या बाजूस, पात्यांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. पाच मिनिटे मंद गतीवर चालवून बंद करावे, बोल्ट पुन्हा तपासावेत. नंतर पुढील जाळी लावून इंजिन मध्यम गतीवर ठेवावे व जाळीसमोर वर्तमानपत्राचा एक कागद धरावा. वारा पुरेसा असेल तर कागद जाळीस चिकटून राहतो. एखाद्या भागात तो गळून पडला तर तेथे जाळी चोंदली आहे. सोयाबीनचे भूस, कापसाचे तंतू, उसाचे पाचट यांचा कचरा समोरून झाडल्यास आतच दाबला जातो. तो इंजिनकडून बाहेरच्या दिशेने हवेने किंवा पाण्याच्या मंद धारेने काढावा.

धोतर, उपरणे व पदर

मळणीच्या वेळी ट्रॅक्टरभोवती घरची सर्व माणसे असतात. पट्टा व पंखा यांवरील संरक्षक जाळी काढून ठेवलेल्या ट्रॅक्टरजवळ उपरणे, सुटा पदर किंवा ओढणी सेकंदात ओढली जाते, आणि माणूस हात घालून ती सोडवावयास जातो तेव्हा बोटे जातात. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मळणीच्या हंगामात शिवारफेरी करताना जेथे जाळी नसेल तेथे काम थांबवून ती लावावयास सांगावी. चालू इंजिनाचा पट्टा हाताने दाबून ताण पाहण्याची सवय तर अनुभवी मिस्त्रींनाही असते. ती त्यांच्या शिकाऊ मुलांच्या अंगी लागू देऊ नये.

ज्या मोटारींचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो, त्यांच्याबाबत एक सूचना. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून अशा गाड्या आपल्याकडे पसरल्या. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा तापमानाच्या स्विचमुळे अचानक सुरू होतो. म्हणून बॅटरीची तार सोडल्याशिवाय तेथे बोट घालू नये. असा पंखा मुळीच फिरत नसेल तर प्रथम फ्यूज, मग रिले व तापमानाचा स्विच पाहावा. मोटरला बॅटरीचा प्रवाह थेट देऊनही ती फिरत नसेल तरच तिचे कार्बन झिजले असे समजावे.

कारखान्याकडे निघणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत त्याच क्रमांकाचा एक जादा पट्टा, पंख्याचे चार बोल्ट वॉशरसह, एक तारेचा ब्रश व योग्य मापाचे दोन पाने असावेत. पट्टा डिझेलच्या कॅनशेजारी ठेवू नये, तेलाने रबर फुगते. तो कागदात गुंडाळून सीटखाली ठेवावा आणि पट्टा व पंखा बदलल्याची तारीख तासांच्या नोंदीसह ट्रॅक्टरच्या वहीत लिहावी.